डाग पडेल असा ओटा

माझी थोरली बहीण आयुष्यभर पावाच्या भट्टीवर राबली. पीठ मळणं हे तिचं काम. गल्लीतली पोरं तिला पाववाली ताई म्हणायची, आणि पोरांचं ऐकून त्यांचे आईबापही तसंच म्हणायला लागले. पीठ तयार झालं की नाही, हे ती बोट दाबून सांगायची. बोट दाबायचं, क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "अजून नाही." भट्टीचा मालक बापाचंही ऐकून न घेणारा माणूस, पण ताई "अजून नाही" म्हणाली की तोही हात बांधून उभा राहायचा.

मग तिला आजार झाला. आजाराचं नाव मी घेत नाही. ज्यांच्या घरी तो येऊन गेलाय त्यांना न सांगता कळेल, आणि ज्यांच्याकडे आला नाही त्यांच्याकडे तो कधी न येवो. औषधांनी ताई वाचली. त्याच औषधांनी तिची बोटं नेली. म्हणजे बोटं जागेवर आहेत, वाटी धरतात, बटण लावतात, पण त्यांना काही कळत नाही. गरम कळत नाही, गार कळत नाही, टोचलेलं कळत नाही. आधी मुंग्या यायच्या. नंतर मुंग्याही यायच्या बंद झाल्या. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल परत. हळूहळू म्हणजे कधी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि ताईने विचारलं नाही.

खरं सांगायचं तर बोटांचं मला एवढं वाटलं नसतं. बोटांबरोबर माझी बहीणच बधिर झाली, ते मला सोसत नव्हतं. काहीही सांगा, ती म्हणायची, "बरं." भट्टीवर तिच्या जागी दुसरी बाई आली, "बरं." समोरच्या घरात आग लागता लागता वाचली, "बरं." एकदा मी मुद्दाम भांडण उकरून काढलं. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या वारलेल्या मेहुण्यांना, तिच्या तोंडावर नावं ठेवली. एरवी तिने मला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "असेल तसं." माझ्या नाकावर कायम राग असतो हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण त्या दिवशी मला राग आला नाही, भीती वाटली.

मी मागच्याच गल्लीत राहते. दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसते, लोकांची नाकं मोजते आणि संध्याकाळी ताईकडे चक्कर टाकते. अशाच एका संध्याकाळी मी तिच्या स्वयंपाकघराच्या दारात पोचले, तर ती ओट्याला एका हाताने रेलून उभी होती. मला म्हणाली, "काहीतरी करपतंय बघ गं." शेगडी बंद होती. मी बघितलं, तर ओट्यावर पातेल्याचं झाकण होतं आणि झाकणावर तिचा तळहात होता. झाकण तिनेच मघाशी आचेवरून काढून ठेवलं होतं आणि विसरली होती. मी किंचाळले. तिने हात उचलला, उलटा करून बघितला आणि म्हणाली, "अगंबाई, मीच होते होय."

तो काळा दगडी ओटा मला त्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको झाला. गुळगुळीत, चकचकीत, जन्मात कधी डाग न पडलेला. तापलेलं भांडं ठेवा की बर्फ ठेवा, त्याचं तोंड तेच.

दोन दिवसांनी ताईच्या मुलाचा फोन आला, चेहरा दिसतो तसला. तो दुसऱ्या शहरात बस चालवतो. चांगला मुलगा आहे, आईवर जीव आहे, पण बोलताना असा बोलतो की जणू सगळं जग त्याच्या बसमध्ये बसलंय आणि दारात उभं राहायला मनाई आहे. मी त्याला लाटसाहेब म्हणते. ताईने फोन धरला तो नेमका पट्टी बांधलेल्या हातात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लाटसाहेबांनी पट्टी बघितली, खोदून खोदून विचारलं आणि निकाल दिला.

"आई, बास झालं. घर बंद कर आणि माझ्याकडे ये. तिथे तुला गॅसला हात लावायची गरज नाही. सून आहे, मी आहे. तू नुसतं बसायचं."

"बरं," ताई म्हणाली.

मी फोन हिसकावला. म्हटलं, "नुसतं बसायला ती काय फुलदाणी आहे? लहानपणापासून ती उभी राहून काम करतेय. तिला चुलीपासून उठवलंस तर काय उरेल तिचं?"

बरीच वादावादी झाली. शेवटी असं ठरलं की स्वयंपाकघर नवीन करून घ्यायचं, सोयीचं, सुरक्षित. मग तो रजा काढून येईल, आईचं काम स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. जमत असेल तर ती इथेच राहील. नाहीतर त्याच्याबरोबर जाईल आणि घराला कुलूप लागेल. ताईने दोन्हीला मान हलवली. मी तिला नंतर विचारलं, "तुला काय हवंय?" तिने हातावरची पट्टी नीट केली. मग म्हणाली, "सकाळी उठल्यावर माझा चहा मी करावा एवढंच वाटतं. बाकी काही वाटत नाही गं." पण एवढं तरी वाटत होतं. मी ते धरून ठेवलं.

इकडे लाटसाहेब उंटावरून शेळ्या हाकायला लागले. रोज फोनवर चित्रं येत. पांढरे ओटे, करडे ओटे, आरशासारखे ओटे. प्रत्येकाखाली त्याचा एकच शेरा, "डाग पडत नाही. पुसलं की साफ." आम्ही दोघी रविवारी दगडाच्या दुकानात गेलो. मोठी शेडच होती ती, आणि पुस्तकं लावावीत तसे उभे दगड. दुकानदार बोलायला तरतरीत. त्याने आम्हाला ग्रॅनाइटसमोर उभं केलं.

"हे घ्या, डोळे मिटून घ्या. उकळतं पातेलं थेट ठेवा."

"ठेवलं तर काय होतं?" ताईने विचारलं.

"काही म्हणजे काही होत नाही!"

"मग नको," ताई म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले, मला तरी कुठे काय कळत होतं. पुढे संगमरवर होता. तो म्हणाला, लिंबू सांडलं तर डाग पडेल. ताईने विचारलं, "आणि गरम भांडं?" त्याने काही होत नाही, तो म्हणाला. ताई पुढे. मग कारखान्यात बनवलेला दगड आला, लाटसाहेबांच्या चित्रांमधला. तिथे दुकानदार जरा अडखळला. फार तापलेलं ठेवू नका म्हणाला, कधीकधी तडकतो. "कधीकधी म्हणजे? ठेवल्या ठेवल्या कळतं?" नाही, एक दिवस एकदम तडा दिसतो. "म्हणजे आधी सांगत नाही," ताई म्हणाली आणि तोही सोडला. स्टीलवर तिने नुसती टिचकी मारली आणि मान हलवली. वरून प्लास्टिकचा पातळ ताव चिकटवलेल्या फळीवर गरम भांड्याने फोड येतात, ते कळलं तेव्हा ती थोडी थांबली. पण एकदा फोड आला की सगळी फळीच फेकायची. म्हणून तीही नको.

दुकानदाराचा धीर सुटला. "बाई, तुम्हाला हवंय तरी काय?"

"डाग पडेल असा ओटा," ताई म्हणाली.

त्याला वाटलं, चेष्टा चालली आहे. मलाही क्षणभर वाटलं की औषधं डोक्यापर्यंत पोचली. घरी येताना मी तिला फैलावर घेतलं, तेव्हा ती रस्त्याच्या कडेने चालता चालता सांगायला लागली. आवाज तोच, सपाट.

भट्टीवर एक नियम असायचा. भट्टीकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडचं सगळं गरम आणि डावीकडचं सगळं गार. पत्रे असोत, साचे असोत, झारा असो. भट्टीतून निघालेली वस्तू उजवीकडेच ठेवायची, मग हातात दुसरं ओझं असो नाहीतर कुणी मरत असो. कारण तापलेलं लोखंड आणि गार लोखंड दिसायला एकसारखंच. हात लावून कुणी बघायचं नाही, विचारायचंही नाही. बाजू बघायची. नवा माणूस पहिल्या आठवड्यात एकदा तरी चुकायचा. पण डावीकडचं टेबल जाड लाकडाचं होतं. त्यावर गरम पत्रा टेकला की लगेच लाकडाचा वास सुटायचा, आणि सगळी भट्टी एकदम ओरडायची.

"माझ्या हातांना कळत नाही," ताई म्हणाली. "मग कुणालातरी कळायला हवं ना. दगडाला कळत नाही. लाकडाला कळतं."

इतकं सलग ती कितीतरी महिन्यांत बोलली नव्हती. मी मध्ये एक शब्द टाकला नाही, आणि माझ्यासाठी ते सोपं नसतं.

सुतार आला तर तोही कुरकुरला. ओट्याला लाकूड म्हणजे पाण्याने फुगेल, काळं पडेल, सहा महिन्यांत मला शिव्या द्याल. इथे घोडं पेंड खात होतं खरं. मग ताईने आणि त्याने बसून तोडगा काढला. बेसिनच्या दोन्ही बाजूंना स्टीलची पट्टी. शेगडीच्या उजव्या हाताला जुन्या काळ्या ओट्याचाच कापलेला तुकडा, गरम ठेवायला. शेगडीच्या डाव्या हाताला खिडकीपर्यंत लाकूड, अंगठ्याएवढं जाड, जवसाचं तेल पाजलेलं. डाग पडला की घासायचा, पुन्हा तेल लावायचं. सुतार जाताना म्हणाला, "लोक डाग पडू नये म्हणून भांडतात आमच्याशी." ताई म्हणाली, "बरं."

लाटसाहेबांना फोटो पाठवला आणि फोनमधून धूर निघायचा तेवढा बाकी राहिला. "लाकूड? शेगडीशेजारी लाकूड? मावशी, तू तिथे होतीस ना? तुला काही सुचलं नाही?" मी म्हटलं, येऊन बघ. तो म्हणाला, येतोच आहे.

पहिल्या दिवसांत ताईने डाग पाडले. ते लपवत नाही. कधी उलथण्याचा, कधी छोट्या कढईचा काठ. पण झाकणावर हात टेकायची वेळ पुन्हा आली नाही. भांडं चुकीच्या बाजूला टेकलं की करपट गोडसर वास यायचा, ती थांबायची, फडकं घ्यायची, भांडं उचलून उजवीकडे न्यायची. नाक तिचं शाबूत होतं. मग ती त्या डागाकडे बघायची आणि पुढच्या कामाला लागायची. हळूहळू नवे डाग पडायचे थांबले. एके दिवशी तिने पाव केला. पीठ मळताना बोटांनी नाही, कोपरानं दाबून बघितलं. पाव जरा बसका झाला होता. मी म्हटलं, फक्कड झालाय. ती म्हणाली, "खोटं बोलू नकोस." त्यात हसू नव्हतं, पण मला ते पुष्कळ झालं.

लाटसाहेब आले. मोठी बॅग घेऊन आले, आणि ती बॅग अर्धी रिकामी होती. आईचे कपडे भरायला आणली होती हे सांगायची गरज नव्हती. पहिले दोन दिवस तो खुर्ची टाकून स्वयंपाकघरातच बसला, परीक्षेला आल्यासारखा. ताईचं काम चुकलं नाही. गरम उजवीकडे, गार डावीकडे. जुने डाग त्याने बघितले, सगळ्यांवरून बोट फिरवलं. ताई म्हणाली, "ते सुरुवातीचे." तो हं म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी दुकानातून थेट तिकडे गेले, तर ताई कपाटातले कपडे काढून पलंगावर ठेवत होती. तो मला हात धरून ओट्यापाशी घेऊन गेला. खिडकीजवळ, लाकडावर, एक नवी गोल खूण होती. पूर्ण वर्तुळ, चांगलं काळं.

"दुपारी इथे येऊन बघतो तर हे," तो म्हणाला. रागात नव्हता. "मावशी, मी हिला त्रास द्यायला आलोय असं तुला वाटतं. उद्या फडकं पेटलं म्हणजे? मी बस सोडून धावत येऊ?"

मी ताईला विचारलं, "तू केलास हा?"

"मीच केला असेल," ती म्हणाली. "माझ्या लक्षात आलं नाही. वासही आला नाही." मग कपड्याची घडी घालत म्हणाली, "जाते मी त्याच्याकडे. त्याचं बरोबर आहे."

मी भांडणारच होते. पण समोर वर्तुळ होतं, त्याच्याशी काय भांडणार? मला त्या लाकडाचा राग आला. आम्ही त्याला साक्षीला उभं केलं आणि ते उलटलं, असं वाटलं.  त्या संध्याकाळी ताईने स्वयंपाक केला, वाढलं, ओटा पुसला. शेवटचा म्हणून वेगळा काही पुसला नाही.

सकाळी मी रजा टाकून मदतीला गेले. ताई पलीकडच्या खोलीत पांघरुणं बांधत होती. लाटसाहेब कॉफी करत होते. आईला आता शेगडीला हात लावू द्यायचा नाही, असं त्यांनी रात्री ठरवून टाकलं होतं. छोट्या पातेल्यात कॉफी उकळत होती आणि तोंडाचा पट्टा चालू होता. तिथे इंडक्शन आहे मावशी, तिथे ओट्याला बोट लावलं तर घसरतं इतका गुळगुळीत आहे, आईला काळजीच नाही. तू पण ये महिनाभर. माझ्याकडे वळून तो बोलत होता. बोलता बोलता त्याने पातेलं चिमट्याने उचललं, डावीकडे खिडकीजवळ ठेवलं आणि कप शोधायला कपाट उघडलं.

मला आधी कळलंच नाही. वास आला तो मला नाही, ताईला. ती पलीकडच्या खोलीतून आली, हातात दोरीचं टोक तसंच. दारात थांबून तिने एकदा हवेत नाक वर केलं. मग सरळ ओट्यापाशी गेली, फडकं घेतलं, पातेलं उचललं आणि उजवीकडे दगडावर ठेवलं.

लाकडावर गोल खूण उमटली होती. तिच्या शेजारी कालची. एकाच पातेल्याच्या दोन.

 लाटसाहेबांच्या हातात दोन कप होते, ते त्यांना कुठे ठेवावेत ते सुचेना.

"काल सकाळी कॉफी कोणी केली?" ताईने विचारलं.

"मीच. तू आंघोळीला गेली होतीस."

"आणि पातेलं?"

"असेल... इथेच ठेवलं असेल. आई, माझ्या लक्षातच नाही."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. मी तिचा चेहरा असा कधी बघितला होता ते मला आठवेना, आणि मग आठवलं, मेहुणे गेल्यावर एका नातेवाइकाने घराच्या वाटणीची गोष्ट काढली होती, तेव्हा.

"उजवीकडे ठेवायला काय धाड भरली होती रे तुला?" ती ओरडली. आवाज चिरकला, पण थांबली नाही. "दोन दिवस समोर खुर्ची टाकून बसलास, काय बघत होतास? माझी चूक कधी होते ते? धडधाकट हात आहेत तुझे, दहाच्या दहा बोटांना सगळं कळतंय, आणि लक्षात नाही म्हणतोस? मी रात्रभर आठवत बसले, कधी केला, कुठलं भांडं, कशी विसरले. काही आठवेना. मला वाटलं, हात गेले ते गेले, आता माझं डोकंही गेलं. म्हणून निघाले होते तुझ्याबरोबर. तुझं बरोबर आहे म्हणून नाही!"

लाटसाहेब उभेच होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. तरी मी मध्ये पडले नाही.

"आई, चुकलं माझं."

"ती बॅग उघड," ताई म्हणाली. "माझे कपडे काढ आणि होते तसे कपाटात लाव. घड्या घालून."

तो गेला. आतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "आई, हे वरच्या कप्प्यात का खालच्या?"  ताई ओट्याचा काठ दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि मोठमोठ्याने रडत होती. आजार कळला तेव्हा ती रडली नव्हती, बोटं गेली तेव्हा रडली नव्हती. मी तिला गप्प केलं नाही. "वरच्या," मी आत ओरडून सांगितलं आणि तिच्याजवळ उभी राहिले.